खरवडण्याआधी

जुलै निम्मा सरला की पुण्याच्या पूर्वेकडच्या मांजरीतल्या आवारभिंती, जिन्याखालचे कोपरे, कुंड्यांच्या कडा आणि पेव्हर ब्लॉकमधल्या फटी हिरव्या दिसू लागतात. मग सोसायटीच्या ग्रुपवर ‘शेवाळ फार झालंय’ असा निरोप फिरतो आणि खराटा, वायर ब्रश, ब्लीचिंग पावडर, कधी थेट अ‍ॅसिडची बाटलीही बाहेर निघते. अशाच एखाद्या सोसायटीने कमी पाण्याची, देशी झाडांची, पक्ष्या-फुलपाखरांना मानवेल अशी बाग करायचा ठरावही केलेला असतो. त्या ठरावात कडुनिंब असतो, बहावा असतो, करंज असतो. मॉस मात्र नसते. आपल्याकडे देशी वनस्पतींची चर्चा वृक्षांपासून सुरू होते आणि फार तर फुलझाडांपर्यंत येऊन थांबते. पण कोणी न लावता उगवणारी, खत न मागणारी आणि उन्हाळा कोरडा काढून पुन्हा उभी राहणारी वनस्पती आवारात शोधायची, तर बोट मॉसकडे दाखवावे लागते. मांजरीसारख्या कमी पावसाच्या भागात मॉसचे स्वागत करायला फारसे काही करावे लागत नाही. जे आपण होऊन आले आहे ते योग्य जागी राहू द्यायचे आणि मार्च उजाडला की ते वाळू द्यायचे. यातला दुसरा भाग पचायला जड जातो, आणि मॉसच्या बागेचे यशापयश बहुधा तिथेच ठरते.

आधी हिरवळीतले भेद पाहायला हवेत, कारण आपण सरसकट ज्याला शेवाळ म्हणतो त्यात निदान दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. नळाखालच्या फरशीवर जो बुळबुळीत, हिरवट-काळा थर चढतो तो बहुतांशी शैवलांचा आणि नीलहरित जीवाणूंचा असतो. त्याला खोड नाही, पान नाही. मॉस ही खरीखुरी वनस्पती आहे. तिला मिलिमीटर-दोन मिलिमीटरची पाने असतात, इवलेसे खोड असते आणि मुळांच्या जागी आधाराला धरून ठेवणारे बारीक धागे असतात. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग असले की फरक लगेच कळतो. जुन्या सिमेंटच्या आणि दगडी भिंतींवर भारतभर आढळणारे हायोफिला इन्व्होल्युटा त्यासाठी उत्तम नमुना आहे. ते कोरडे असताना प्रत्येक पानाच्या दोन्ही कडा आत वळलेल्या असतात आणि सगळा पुंजका काळपट-तपकिरी, मेल्यासारखा दिसतो. त्यावर पाण्याचे थेंब सोडले, की बघता बघता सुरळ्या उलगडतात, पाने चांदणीसारखी पसरतात आणि रंग हिरवा होतो. फुटपाथच्या फटीत राहणारे ब्रायम अर्जेंटियम दुसऱ्या तऱ्हेचे आहे. त्याच्या पानांच्या टोकाकडच्या पेशींत हरितद्रव्य नसते, म्हणून ते चंदेरी चमकते. पावसाळ्यात उघड्या मातीवर चिकटलेली, दुभंगत जाणारी हिरवी चकती दिसली तर ती बहुधा रिक्सियाची. ती मॉस नव्हे, पण त्याच ब्रायोफायटा गटातली आहे. भारतात या गटाच्या अडीच हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. महाराष्ट्रातल्या मॉसवर जी. टी. दाभाडे यांचे खंडाळा आणि महाबळेश्वरच्या जातींची ओळख करून देणारे पुस्तक १९९८ मध्ये ठाण्याहून निघाले. अभ्यास घाटमाथ्यावर होणे स्वाभाविकच होते, कारण श्रीमंती तिथे आहे. त्यामुळे मॉस ही धुक्यातल्या डोंगराची वनस्पती, पूर्व पुण्याच्या काळ्या मातीशी तिचा काय संबंध, असा समज मात्र पक्का झाला.

हा समज पावसाच्या आकड्यांमुळे आणखी घट्ट होतो. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शिवाजीनगरला सातशेच्या आसपास, आणि मुळा-मुठेच्या काठाने मांजरी ओलांडून दौंडकडे जावे तसा तो आणखी घटत जातो. जगातली सर्वांत गाजलेली मॉसची बाग जपानमधल्या क्योतोच्या साइहो-जी मंदिरात आहे. तिथे वर्षाला सुमारे पंधराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो वर्षभर विखुरलेला असतो. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे, अशा मांजरीत तसा अखंड हिरवा गालिचा होणार नाही, हे उघड आहे. पण त्या बागेचा इतिहास वेगळेच काही सांगतो. १३३९ मध्ये झेन भिक्षू मुसो सोसेकी यांनी तिची मांडणी केली तेव्हा त्यात मॉसचा गालिचा नव्हता. पुढच्या शतकांत मंदिराची देखभाल सुटली, ओल आणि सावली राहिली, आणि आज ज्या सुमारे १२० जातींसाठी लोक तिथे जातात त्यांनी हळूहळू जमीन व्यापली. जगप्रसिद्ध मॉसबाग ही माळ्याने केलेली लागवड नाही. माळ्याचा हात थांबला तेव्हा ती घडली. मांजरीने क्योतोकडून घ्यायची तर एवढीच गोष्ट घ्यावी. गालिच्याचा हट्ट तिथेच सोडलेला बरा.

कोरड्या आठ महिन्यांचे काय, याचे उत्तर मॉसच्या शरीररचनेत आहे. वडाचे झाड खोलवर मुळे सोडून पाणी ओढते, पानांवर मेणचट थर चढवते आणि आतले पाणी राखते. मॉसला यातले काहीच येत नाही. त्याचे पान बहुधा एकाच पेशीच्या जाडीचे असते. पाणी सर्वांगाने आत येते आणि सर्वांगाने उडून जाते, त्यामुळे भोवतालची हवा जितकी ओली तितके मॉस ओले. पाणी राखता येत नाही म्हणून त्याने पाण्याविना थांबण्याची विद्या कमावली आहे. पेशी वाळतात, सगळे व्यवहार बंद पडतात, आणि ओल परतली की पेशींची डागडुजी सुरू होऊन प्रकाशसंश्लेषण पुन्हा चालू होते. सिंट्रिकिया रुरालिस या मॉसचे, संग्रहालयातल्या पाकिटात वीस वर्षे कोरडे पडलेले कोंब पुन्हा वाढू शकले, असा निबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अंटार्क्टिकजवळच्या सिग्नी बेटावर गोठलेल्या थरात सुमारे दीड हजार वर्षे अडकलेले मॉस प्रयोगशाळेत पुन्हा फुटल्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले. ही टोकाची उदाहरणे आहेत आणि प्रत्येक जातीची ताकद एवढी नसते. तरी मांजरीच्या भिंतीवर वर्षानुवर्षे टिकलेल्या मॉसने चाळीस अंशांचे एप्रिल-मे अनेकदा पाहिलेले असतात. तपकिरी पुंजका म्हणजे मेलेले मॉस असे मानून मे महिन्यात भिंत घासणारा माणूस जूनमध्ये फुटणारी बाग आपल्या हाताने काढून टाकत असतो.

बागेची हौस असलेला माणूस इथे साहजिकच विचारेल, की मग उन्हाळ्यात रोज थोडे पाणी शिंपडून ते हिरवेच का ठेवू नये? सद्‌हेतूने केलेली ही चूक मॉसला महागात पडू शकते. वाळलेले मॉस ओले होते तेव्हा सुरुवातीला ते कमावत नाही, खर्च करते. पेशींची दुरुस्ती करायला साठवलेले अन्न जाळावे लागते. ओल काही तास टिकली तर प्रकाशसंश्लेषणातून हा खर्च भरून निघतो आणि शिल्लकही उरते. पण भर उन्हात दोन मिनिटांचा फवारा मारला आणि अर्ध्या तासात सगळे सुकले, तर खर्च झाला आणि कमाई नाही. असे रोज घडले तर साठा संपतो. अमेरिकेच्या कोलोरॅडो पठारावरच्या प्रयोगात शास्त्रज्ञांनी उन्हाळ्यात वारंवार सव्वा मिलिमीटरच्या आसपासचा हलका पाऊस कृत्रिमरीत्या पाडला, आणि तिथले वाळवंटी मॉस जोमाने वाढण्याऐवजी झपाट्याने मरून गेले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग वेगळ्या जातीवरचा, वेगळ्या प्रदेशातला आहे. पण त्यामागचे जमाखर्चाचे तत्त्व वाळून जगणाऱ्या सगळ्याच मॉसना लागू पडते. म्हणून नियम सोपा ठेवावा. द्यायचे तर संध्याकाळी भरपूर द्यावे, म्हणजे रात्रभर आणि सकाळच्या कोवळ्या उन्हापर्यंत ओल राहील. नाहीतर अजिबात देऊ नये. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वसाहतीसाठी दुसरा पर्यायच शहाणपणाचा. पूर्व भागात बोअरचे पाणीही अनेक ठिकाणी जड असते. ते शिंपडत राहिले की पानांवर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि पावसावर जगणाऱ्या वनस्पतीची आणखीच पंचाईत होते.

एवढे करून मिळते काय? पहिली गोष्ट म्हणजे माती जागेवर राहते. वळवाचे टपोरे थेंब उघड्या मातीवर आपटतात तेव्हा बारीक कण उडून वाहून जातात. मॉसचा पातळ थर तो मार झेलतो, आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतो आणि सावकाश खाली सोडतो. २०२३ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये जगभरातल्या १२३ परिसंस्थांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मातीवरच्या मॉसने पृथ्वीवरचे सुमारे ९४ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापल्याचा अंदाज मांडला आहे आणि उघड्या मातीच्या तुलनेत त्याखाली एकूण ६४३ कोटी टन अधिक कार्बन असल्याचे म्हटले आहे. मॉसखालच्या मातीत वनस्पतींना रोग देणाऱ्या सूक्ष्मजीवांचे प्रमाणही कमी आढळले. दुसरी गोष्ट आहे प्राणिसृष्टीची. मॉसच्या पुंजक्यात उड्या मारणारे स्प्रिंगटेल नावाचे बारीक कीटकसदृश जीव, कोळ्यांचे नातलग असलेले सूक्ष्म माइट आणि आठ पायांचे टार्डिग्रेड राहतात. ते तिथे नुसते भाडेकरू नसतात. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये आपल्याही फुटपाथवरच्या त्याच चंदेरी ब्रायमचे नर आणि मादी पुंजके एकमेकांपासून दोन आणि चार सेंटिमीटर दूर ठेवले. एरवी मॉसची नरबीजे पाण्याच्या थरातून पोहून जातात, त्यामुळे एवढे अंतरही त्यांना पार होत नाही. पण तिथे स्प्रिंगटेल आणि माइट सोडले, तेव्हा दूरच्या मादी पुंजक्यांतही फलन होऊन बीजाणुधारी देठ आले. फुलांना मधमाशी लागते हे आपण शाळेपासून शिकतो. फूलच नसलेल्या वनस्पतीलाही असे वाहक लाभतात, हे फरशीच्या एका फटीत घडत असते.

आता विरोधी पक्षाची बाजू, कारण ती पोकळ नाही. शेवाळावरून घसरून हात-पाय मोडतात, घरात म्हातारी माणसे आहेत, ही तक्रार खरी आहे. चालण्याच्या वाटा, जिने, रॅम्प आणि नळाच्या आजूबाजूची फरशी घासलीच पाहिजे, मग तिथे शैवल असो वा मॉस. दुसरा आक्षेप इमारतीचा. मॉसचे धागे पक्के सिमेंट फोडत नाहीत, पण ते ओल धरून ठेवतात, धूळ साठवतात आणि भेगेत इवलीशी माती तयार करतात. त्या मातीत पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचे किंवा वडाचे बी पडले की पुढे खरेच भिंत फुटते. म्हणून गच्चीचा कोबा, पॅरापेट, खिडक्यांवरचे छज्जे आणि पाण्याच्या टाकीची भिंत इथे मॉसला जागा देऊ नये. तिथे ते वारंवार येत असेल, तर पाणी कुठे मुरते आहे याची ती आयती खूण समजावी आणि खरवडण्याबरोबर गळतीही बुजवावी. हे सगळे मान्य केले तरी आवाराची बरीच जागा शिल्लक राहते. उत्तरेकडची आवारभिंत, झाडाखालचे दगड, वाफ्यांच्या विटांच्या कडा, कुंड्या, पायवाटेच्या दोन्ही बाजूंच्या फटी इथे ना कोणी घसरते ना भिंत पडते. तिथला खराटा केवळ सवयीने चालतो.

तिसरा आक्षेप रोगराईचा, आणि मांजरीत तो विशेष ऐकू येणार. १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र इथेच आहे, आणि ओल म्हणजे केवडा, ओल म्हणजे भुरी हे समीकरण बागायतदाराच्या अंगवळणी पडलेले असते. केवडा दमट हवेत फोफावतो हे बरोबर. पण तो आणि भुरी हे दोन्ही रोग द्राक्षवेलीच्या जिवंत पेशींवरच जगतात. मॉस त्यांचे यजमान नाही आणि वाहकही नाही. दमटपणा हे मॉस आणि केवडा या दोघांचे समान कारण आहे, एक दुसऱ्याचे कारण नाही. व्यापारी द्राक्षबागेत मॉसला बोलावण्यात अर्थ नाही हेही खरे, कारण मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण तिथे नित्याचे असते आणि तांबे बहुतेक मॉसना मारक ठरते. आंब्याच्या किंवा चिंचेच्या बुंध्यावर मॉस दिसले की झाड शोषले जाईल ही भीती बांडगुळावरून आलेली आहे. बांडगूळ झाडाच्या आत शिरून त्याचे पाणी आणि क्षार घेते. मॉस सालीला बाहेरून धरून बसते. त्याचे अन्न पाऊस, धूळ आणि उजेड यांतून येते. डासांचा प्रश्नही असाच आहे. डेंग्यूचा एडीस साचलेल्या पाण्यात वाढतो: कुंडीखालची ताटली, टायर, उघडी टाकी. मॉसमध्ये ओल असते, डबके नसते. ताटल्या रिकाम्या केल्या की मॉसवर आळ घ्यायचे कारण उरत नाही.

चौथा प्रश्न अधिक बारीक आहे. जे चंदेरी ब्रायम युरोपात, अमेरिकेत, अंटार्क्टिकातही सापडते, त्याला मांजरीचे देशी कसे म्हणावे? मॉसचे बीजाणू इतके हलके असतात की वारा त्यांना फार दूर नेतो. म्हणून त्यांच्या जातींचे नकाशे झाडांच्या नकाशांसारखे आटोपशीर नसतात. इथे जातीच्या नावापेक्षा व्यवहाराची कसोटी उपयोगी पडते. जे इथे आपण होऊन आले, इथल्या जून-सप्टेंबरवर वाढले आणि इथला मे सोसून टिकले, ते इथले. या कसोटीवर बाजारातले जवळपास सगळे मॉस नापास होते. ऑर्किडसाठी मिळणारे स्फॅग्नम आम्लधर्मी, सदा ओल्या दलदलीतले असते. ते मांजरीत जगणारच नाही, आणि विकत मिळते ते तर वाळवून मेलेलेच असते. मॉस म्हणून कधी सेलाजिनेला दिले जाते, जे मॉस नसून नेच्यांच्या जवळचे आहे. ताम्हिणीहून किंवा महाबळेश्वरहून पिशवीत भरून आणलेले पुंजके धुक्याला सरावलेले असतात. ते ऑक्टोबरच्या उन्हात मान टाकतात आणि मागे घाटातला दगड मात्र उघडा पडतो. राखीव वनातून असे काही उचलणे गुन्हाही आहे. पुण्याच्या टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात म्हणून वेताळ टेकडीवर गिरिपुष्प लावले गेले आणि त्याखालच्या मूळच्या गवताळ परिसंस्थेचे काय झाले याची चर्चा अजून संपलेली नाही. घाईच्या हिरवाईचा तो धडा मॉसच्या बाबतीत गिरवायला नको.

मग करायचे काय, तर फार थोडे. ऊन उतरलेल्या, उत्तरेच्या किंवा झाडाखालच्या जागी जुन्या विटा, जांभ्याचे तुकडे किंवा हवापाणी खाल्लेले खडबडीत काळे दगड मांडावेत. नुकत्याच कापलेल्या गुळगुळीत फरशीवर काही धरत नाही. आवारात डागडुजीसाठी एखादी भिंत घासायचीच असेल, तर पहिल्या दमदार पावसानंतर तिच्यावरचे पुंजके अलगद काढून या दगडांवर दाबून ठेवावेत. मॉसच्या तुटक्या तुकड्यातूनही नवे रोप होऊ शकते. ताकात मॉस वाटून भिंतीला फासण्याची एक युक्ती सांगितली जाते. पण ताकावर बुरशी आधी येते आणि मॉस येते ते बहुधा ताक धुऊन गेल्यावर. खत घालू नये, तणनाशक मारू नये. पडलेला पालापाचोळा मॉसवर साचू दिला तर ते गुदमरते, म्हणून तो काढावा, मात्र खराट्याने न ओरबाडता मऊ केरसुणीने, आणि काढलेला पाला शेजारच्या झाडाच्या आळ्यात टाकावा. मध्येच उगवलेले गवत हाताने उपटावे. दोन-तीन पावसाळ्यांनी ओलसर फटीत हंसराजासारखा एखादा नेचाही आधार धरू शकतो.

राहिला शेवटचा आक्षेप: चार वीतभर पुंजक्यांनी शहराचे काय भले होणार? हवा शुद्ध होणार नाही, तापमान उतरणार नाही आणि लॉनची जागाही मॉस घेऊ शकणार नाही, कारण त्यावर मुलांना खेळता येत नाही. असे दावे करून मॉसची बाजू मांडू नये. मात्र हवेची नोंद ठेवण्यात मॉस तरबेज आहे. मुळे नसल्याने ते जे घेते ते बहुतेक हवेतून आणि पावसातून, म्हणून त्याच्या अंगात शिसे, कॅडमियम साठलेले सापडते. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकाअखेर या पद्धतीची सुरुवात झाली, आणि अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये झाडांवरच्या मॉसच्या तपासणीतून काचकारखान्यांजवळचे कॅडमियम प्रदूषण २०१६ मध्ये उघडकीस आले. सोलापूर रस्त्याची वाहने आणि चहूकडची बांधकामे यांच्यामध्ये असलेल्या मांजरीत अशी नोंद आपोआप होत राहणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांना तो घराजवळचा प्रकल्प होऊ शकतो.

मॉसमुळे आणखी एक गोष्ट साधते: बाग जोखण्याची आपली रीत बदलते. बारमाही हिरवेपणा हाच बागेच्या आरोग्याचा निकष मानला की आठ महिने कोरड्या असणाऱ्या प्रदेशात प्रत्येक बाग पाण्याची उधळण ठरते, आणि उन्हाळ्यात सुकणारी प्रत्येक देशी वनस्पती नापास होते. सोसायटीच्या पुढच्या सभेत आवाराचा नकाशा घेऊन दोन रंगांनी खुणा कराव्यात: इथे घासायचे, इथे हात लावायचा नाही. ठरावात एक ओळ वाढवावी, की दुसऱ्या रंगाची जागा मे महिन्यात तपकिरी दिसली तरी साफसफाईच्या कंत्राटात धरायची नाही. या कामाला पैसा लागत नाही. उलट ब्लीचिंग पावडरीचा आणि मजुरीचा थोडा वाचतोच.